बाईपण कोण ठरवते? महाराष्ट्रातील स्त्रीत्वाच्या बदलत्या कल्पनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटांच्या बैठकांत, महाविद्यालयांतील चर्चांत आणि घरगुती समारंभांत स्त्रीत्वाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत, कारण बाईपणाची कल्पना भाषा, जात, शेती आणि नातेसंबंध यांत इतकी मुरलेली असते की जगभराला लागू पडेल असे उत्तर दिले तर ते कोणालाच लागू पडत नाही.

'स्त्रीत्व' आणि 'बाईपण' हे शब्द वेगळे का मानायचे?

स्त्रीत्व हा पुस्तकातला आणि भाषणातला शब्द आहे. ओट्यापाशी, पाणवठ्यावर आणि एस. टी.च्या थांब्यावर जे बोलले जाते ते बाईपण. 'बाई' हा एकच शब्द आपण किती तऱ्हांनी वापरतो ते पाहावे. शाळेतल्या शिक्षिका 'बाई' असतात, घरी धुणीभांडी करणारीही 'बाई' असते, सावित्रीबाई आणि अहिल्याबाई यांच्या नावांत तोच शब्द आदर दाखवतो आणि 'त्याने बाई ठेवली आहे' या वाक्यात तोच शब्द एखादीची सारी प्रतिष्ठा काढून घेतो. 'बायकी' म्हटले की पुरुषाचा अपमान होतो. 'आम्ही काही हातांत बांगड्या भरलेल्या नाहीत' असे विधानसभेपासून चावडीपर्यंत सर्रास बोलले जाते आणि ते बोलणाऱ्याला समोर बसलेल्या बांगड्या भरलेल्या हातांची आठवणही होत नाही. शब्दकोशातला अर्थ जितका महत्त्वाचा, तितकाच हा वापर महत्त्वाचा आहे, कारण बाईपण म्हणजे दुबळेपण ही समजूत मुलगे आणि मुली शाळेत जाण्याआधीच अशा वाक्यांतून शिकतात.

पूर्वी बाईपणाची कल्पना एकच होती आणि आता ती बिघडली, हे खरे आहे का?

नाही. ती कधीच एक नव्हती. आपण जिला 'परंपरेतली स्त्री' म्हणतो, म्हणजे डोक्यावरून पदर घेतलेली, उंबरठ्याच्या आत राहणारी, नवऱ्याच्या मागे दोन पावले चालणारी, ती मुख्यतः जमीनजुमला असलेल्या आणि वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतली होती. शेतमजुरी करणारी, बाजारात मासळी विकणारी किंवा दगड फोडणारी बाई उंबरठ्याच्या आत राहिली असती तर घरात चूल पेटली नसती. विधवेचे केशवपन ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही घरांत होत असे. इतर अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, त्याला कुठे मोहतूर म्हणत. मात्र एखाद्या कुळाची प्रतिष्ठा वाढली की तेथे पहिल्यांदा पाट बंद होई. म्हणजे घराण्याचा मान वाढला की त्याची किंमत घरातली बाई मोजत असे.

या बाबतीत डिसेंबर 1927 मधील महाडचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सत्याग्रहासाठी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सांगितले, की अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि तसेच जाडजूड दागिने सोडून द्या. लुगडे गुडघ्यापर्यंत असावे की घोट्यापर्यंत, हेही त्या काळी जातीने ठरवून दिलेले होते आणि बाईच्या अंगावरून तिची जात दुरून वाचता येत असे. तेथल्या स्त्रियांनी लगेच नेसण्याची तऱ्हा बदलली. आज आपण ज्याला कपड्यांची निवड म्हणतो, तो त्यांच्यासाठी माणूस म्हणून उभे राहण्याचा प्रश्न होता.

त्या काळच्या कष्टकरी बाईचे मन समजून घ्यायचे असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना गाणारी बाई त्यांत भावाचे कौतुक करते, सासरचा जाच सांगते, लेकीच्या जन्माचे दुःखही बोलते. निमूट सोसणाऱ्या स्त्रीचे जे चित्र आपल्या मनात असते, त्याच्याशी हा आवाज मुळीच जुळत नाही.

स्त्रीत्व निसर्गतः येते की शिकवले जाते?

शरीर निसर्गाचे असते; चालणे, बोलणे, लाजणे, पदर सावरणे मात्र शिकवलेले असते. मराठी माणसाला याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. बालगंधर्व म्हणजेच नारायणराव राजहंस (1888–1967) हे पुरुष नट. रंगभूमीवरच्या त्यांच्या नायिका पाहून प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, तशी नथ घालू लागल्या, तसा गजरा माळू लागल्या. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर येणे त्या काळी अप्रतिष्ठेचे होते. तमाशात ज्या स्त्रिया प्रत्यक्ष उभ्या राहून गात-नाचत होत्या, त्यांचे बाईपण हलके मानले गेले आणि पुरुषाने रंगवलेले बाईपण आदर्श ठरले. बालगंधर्वांची कला थोर होती यात शंका नाही. परंतु एका पुरुषाकडून दोन-तीन पिढ्यांतल्या स्त्रिया स्त्रीत्वाचे वळण शिकल्या, ही गोष्ट 'हे तर बायकांच्या रक्तातच असते' असे म्हणणाऱ्यांनी एकदा शांतपणे विचारात घ्यावी.

शिक्षणाने नेमके काय बदलले?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकलेल्या बाईचा नवरा मरतो अशी समजूत प्रचलित होती. त्यानंतर अवघ्या 34 वर्षांनी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली आणि जे दुर्गुण बाईच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असे थेट विचारले. लहानपणी लावलेले लग्न मान्य नाही म्हणून नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंनी 1887 मध्ये न्यायालयाला सांगितले, की मी तुरुंगात जाईन पण जाणार नाही. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली. स्वतःच्या देहावर आणि संसारावर बाईचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न त्या खटल्याने घराघरांत नेला.

तरीही शिक्षण आणि स्वातंत्र्य हे एकच असे मानता येत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. ते काम अतुलनीय होते, पण स्त्री मुख्यतः पत्नी आणि माता होणार आहे, तेव्हा तिचा अभ्यासक्रम तसा असावा, हा विचारही त्यामागे होता. त्यांचेच पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. मातृत्व हे बाईच्या इच्छेने यावे, हे सांगण्यासाठी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. शिकलेली गृहिणी समाजाला लवकर पटली. स्वतःच्या देहाविषयी निर्णय घेणारी बाई पटायला अजूनही वेळ लागतो आहे.

कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या यांविषयी इतका वाद का होतो?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण आपल्याकडच्या बाईपणाची गाठ येथे आहे. 'सौभाग्य' या शब्दाचा मूळ अर्थ चांगले भाग्य. व्यवहारात मात्र त्याचा एकच अर्थ उरला, तो म्हणजे नवरा जिवंत असणे. लग्नपत्रिकेवरची नावे वाचावीत. पुरुष जन्मभर 'श्री.' असतो. स्त्री आधी 'कु.', मग 'सौ.' आणि नंतर 'गं. भा.' किंवा 'श्रीमती' होते. तिची ओळख तिच्या आयुष्यातल्या पुरुषाच्या हजेरीवर बदलत जाते.

नवऱ्याचे निधन झाल्यावर त्याच दिवशी घरातल्या आणि भावकीतल्या बायका तिचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, जोडवी काढतात. मी हे लहानपणी जवळून पाहिले आहे. दारात पाटावर बसवलेल्या बाईच्या मनगटावर काच रुतून रक्त आले होते आणि तिचे लक्ष त्या रक्ताकडे नव्हते, आत निजलेल्या धाकट्या मुलाकडे होते. बांगड्या फोडणाऱ्या दोघींपैकी एक स्वतः विधवा होती. ज्यांनी हे सोसले त्यांच्याच हातून ते पुढच्या पिढीला दिले जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाहू महाराजांच्या निधनाला तेव्हा शंभर वर्षे पूर्ण होत होती. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे आमच्या गावात होणार नाही, असा तो ठराव होता. 17 मे 2022 रोजी राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. परिपत्रकाने प्रथा संपत नाही, हे मान्य आहे. परंतु गावाने ठराव केला की त्या दिवशी दारात बसलेल्या बाईच्या बाजूने बोलणाऱ्याला आधार मिळतो, आणि अशा घरात शोकाच्या क्षणी नेमकी त्याचीच उणीव असते.

मग मंगळसूत्र घालणाऱ्या स्त्रिया मागासलेल्या समजायच्या का?

मुळीच नाही. प्रश्न दागिन्याचा नसून सक्तीचा आहे. एखादीला कुंकू लावणे आवडत असेल तर नवऱ्याच्या निधनानंतरही तिला ते लावता आले पाहिजे आणि नको असेल तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून न लावण्याची मोकळीक हवी. मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांना आवर्जून बोलावणारी मंडळे आज अनेक गावांत आहेत. काही ठिकाणी बोलावतात, पण वाण देताना हात आखडता घेतात. ज्यांना ओटी भरताना वगळले गेले आहे, त्यांनाच त्या क्षणाचा अपमान कळतो.

लग्नानंतर नाव बदलणे बंधनकारक आहे का?

कायद्याने अजिबात नाही. तरीही नवरीचे आडनाव तर बदलतेच, पूर्वी तिचे पाळण्यातले नावही बदलत असे. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहायचे आणि तेव्हापासून माहेरचे नाव फक्त माहेरी उरायचे. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला ती गेल्यावर कळले. घरातल्या सगळ्या भांड्यांवर तिचे सासरचे नाव कोरलेले होते; फक्त एका लहान तांब्यावर, तळाशी, दुसरेच नाव होते. तो तांब्या तिच्या आईने दिलेला होता आणि आजी तो कोणाला घासायला देत नसे.

आज नाव बदलल्याचा त्रास प्रत्यक्ष व्यवहारातही होतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि पदवी एका नावाची, आधार आणि रेशनकार्ड दुसऱ्या नावाचे, बँकेतले खाते तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्रे करण्याची पाळी तिच्यावर येते, नवऱ्यावर कधीच येत नाही.

एक बदल मात्र नोंदवला पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. पिढ्यान्‌पिढ्या आई फक्त एका वेगळ्या रकान्यात होती. आता ती नावाच्या आत आली आहे.

नऊवारी नेसून मोटरसायकल चालवणाऱ्या मुली म्हणजे परंपरेकडे परतणे आहे का?

गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत फेटा, नथ आणि नऊवारी घालून बुलेट चालवणाऱ्या मुली पाहून काहींना आनंद होतो, काहींना तो देखावा वाटतो. मला वाटते, नऊवारी मुळातच कष्टाचा पोशाख होती. कासोटा घातला की भाताची लावणी करता येते, घोड्यावर बसता येते, विहिरीत उतरता येते. गोल पाचवारी साडीने चाल आखडली. त्यामुळे कासोटा घालून वाहन चालवणे हे त्या पोशाखाच्या स्वभावाला धरूनच आहे. पाडव्यानंतरच्या दिवशी त्याच मुलीला रात्री नऊ वाजता त्याच गाडीवरून घरी येता येते का, हे अधिक महत्त्वाचे आहे.

स्त्रिया कमावू लागल्यावर घरातली कामे वाटली गेली का?

फारच कमी. 2019 मध्ये देशभर झालेल्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठीचा रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटे, तर पुरुषांचा 97 मिनिटे होता. शिवाय स्त्रियांपैकी 81 टक्क्यांहून अधिक जणी ते काम करत होत्या आणि पुरुषांपैकी सुमारे 26 टक्के.

संध्याकाळी कर्जत किंवा कसारा लोकलच्या महिला डब्यात बसले की हे आकडे डोळ्यांसमोर दिसतात. मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणे, वाटाणे सोलणे चाललेले असते. कल्याण येईपर्यंत एकीची जुडी संपते. ती हसत सांगते, की घरी गेल्यावर तेवढाच वेळ वाचतो. बाईच्या कल्पनेत 'नोकरी करणारी' हे विशेषण वाढले, पण त्यातून 'सुगरण', 'गृहकृत्यदक्ष', 'सोशिक' यांपैकी एकही वगळले गेले नाही. स्थळांच्या जाहिरातीत 'नोकरी करणारी, गोरी, गृहकृत्यदक्ष' असे शब्द एका ओळीत बसतात, तेव्हा दोन माणसांचे काम एकीकडून मागितलेले असते.

'माझा मुलगा बायकोला घरात खूप मदत करतो' असे अभिमानाने सांगितले जाते. त्या वाक्यातला 'मदत' हा शब्द बदलायला हवा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाचा डबा भरताना कोणी कोणाला मदत करत नसते.

ही सारी चर्चा शहरी आणि सुशिक्षित स्त्रियांपुरती नाही का?

उसाच्या फडात गेले की हा आक्षेप उरत नाही. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक कोयता. मुकादमाकडून मिळणारी उचल सहसा पुरुषाच्या हाती पडते. बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. एक दिवस काम बुडाले की त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी. अशा स्थितीत अंगावरचे दुखणे घेऊन गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो आणि खाडा टळेल म्हणून ती तो मानते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या बीडच्या सर्वेक्षणात 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे एक.

मातृत्वाला देव्हाऱ्यात बसवणारा समाज आणि तिशीतल्या बाईची पिशवी मजुरीसाठी निघू देणारा समाज हा एकच आहे. स्त्रीत्वावरच्या कोणत्याही चर्चेत या बाया नसतील तर ती चर्चा अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

पाळीविषयीच्या समजुती बदलल्या का?

बोलण्यात बदलल्या, वागण्यात अर्धवट. 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'अडचण आली' असे आडवळणाचे शब्द मुली आता कमी वापरतात आणि दुकानात पॅड मोठ्याने मागतात. देवघराचा उंबरठा मात्र अनेक सुशिक्षित घरांतही त्या दिवसांत ओलांडता येत नाही. गडचिरोलीतील माडिया वस्त्यांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांना गावाच्या कडेला असलेल्या कुर्मा घरात राहावे लागते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला तो न्यायालयाच्या आदेशानंतर, एप्रिल 2016 मध्ये.

पारलिंगी स्त्रियांचा या कल्पनेत समावेश होतो का?

व्हायला हवा. पारलिंगी स्त्री म्हणजे जन्मवेळी पुरुष ठरवली गेलेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्या त्या व्यक्तीचा आहे असे मान्य केले. यल्लम्माच्या जत्रेत देवीला वाहिलेल्या, स्त्रीवेशातल्या जोगत्याच्या पाया पडायचे आणि तीच व्यक्ती भाड्याने खोली मागायला आली की दार लावून घ्यायचे, हे वागणे आपण सोडले पाहिजे.

मुलींना मालमत्तेत वाटा मिळाला तर बाईपणाशी त्याचा काय संबंध?

माझ्या मते सर्वांत जवळचा संबंध आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली होती, मात्र ती तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती होती. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या कायद्याने विवाहित मुलींनाही हा हक्क दिला आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. त्याआधी शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी बायांना एकत्र आणले आणि पुढे 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेतून अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ते काम कायद्याच्या सक्तीविना झाले, हे विशेष.

तरीही गावोगावी बहिणी हक्कसोड पत्रावर सही करतात. वाटा मागितला तर माहेर तुटेल, दिवाळीची साडीचोळी बंद होईल, भाऊबीजेला दार उघडणार नाही, अशी भीती असते. 'चांगली बहीण' होण्याची किंमत एकराच्या हिशेबात मोजली जाते, असे येथे अक्षरशः म्हणता येते. हक्क सोडावा की ठेवावा हा ज्या त्या बहिणीचा निर्णय आहे. पण तेराव्याच्या गडबडीत, सगळे जमलेले आहेत म्हणून, न वाचता सही करू नये. नोंदणी झालेले हक्कसोड पत्र नंतर रद्द करून घेणे फार कठीण असते. वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करावा, वारसांच्या यादीत सर्व बहिणींची नावे आहेत हे पाहावे, फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून त्यावर आपले नाव स्वतः वाचावे आणि ते कोणत्या नावाने, माहेरच्या की सासरच्या, लिहिले आहे तेही तपासून घ्यावे.